नायकाचा डावा पाय

सोम., १० नोव्हें.
अंधेरीच्या स्टुडिओतून प्राजक्ताचा फोन. साउंड इंजिनिअर, देवनारची पोरगी, वयाने माझ्या निम्मी आणि डोक्याने दुप्पट. "काका, टॅप डान्सचं गाणं आलंय. तुम्हीच हवेत." नायक रबरी तळव्यांचे बूट घालून नाचलाय, पावलांचा आवाज आता मी द्यायचा. तेहतीस वर्षं पडद्यावरच्या लोकांची पावलं वाजवतोय. जिने चढलो, चिखल तुडवला, एकदा घोडासुद्धा झालो. लोखंडी तळवे वाजवत नाचायचं हे टॅप कधी वाट्याला आलं नाही. लगेच हो म्हणून टाकलं.
डाव्या गुडघ्याचं बोललो नाही. बोललो असतो तर ते कॉम्प्युटरमधला तयार आवाज लावून मोकळे झाले असते.

मंगळ., ११
मुलुंड स्टेशनजवळच्या मोचीकडून जुन्या काळ्या बुटांना पुढे-मागे लोखंडी पत्र्या ठोकून आणल्या. "काका, बैलाला घालायचेत का?" म्हणाला. बायकोने, नलूने, दारातच पाहिलं. "ह्या वयात ह्यां काय?" काम आहे म्हटलं.
एक्स-रे काढून महिना झाला. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनचा विचार करा, तोवर उड्या नकोत. नलूला सांगून ठेवलंय की तेलाने बरं वाटतंय.

बुध., १२
दिवसभर फोनवर जुने इंग्रजी नाच पाहिले. पहिला पाहिला तो शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, दहा वर्षांचा असताना. काळ्या कोटातला माणूस जिना उतरत होता. तोंडाने एक शब्द नाही. पण तो कुणावर तरी रागावलाय, मग राग निवला, मग स्वतःचंच हसू आलं, हे सगळं मला त्याच्या पावलांवरून कळलं. इंग्रजीचा गंध नव्हता तेव्हा. बाबा गिरणीतून आलेले, म्हणाले, "ह्येका दुसरा काम नाय?" पण बसले बघत, चहा गार होईपर्यंत.
पुढे या धंद्यात आल्यावर कळलं की असल्या नाचांचे आवाज पुष्कळदा मागाहून, दुसऱ्याच खोलीत भरतात. फसवल्यासारखं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. म्हणजे तिथे माझ्यासारख्यालाही जागा होती.

शुक्र., १४
पहिला दिवस. फळीवर मी उभा, समोर पडद्यावर नायक. मी तालात पक्का, तरी आवाज त्याच्या पायांना चिकटेना. अकरा टेक. शेवटी प्राजक्ता काचेमागून बाहेर आली. "काका, तुमचं एकदम बरोबर आहे. तोच तर प्रॉब्लेम आहे ना."
चित्र सावकाश फिरवून दाखवलं. प्रत्येक गिरकीला नायकाचा डावा पाय केसभर उशिरा पडतो. मी बरोबर वाजवलं की तो चुकलेला दिसतो. आता मला त्याच्याइतकंच चुकायचंय. मुद्दाम उशीर केला तर आवाज खोटा येतो. खोटं बोलणारा जरा जास्तच थांबतो, तसा.

शनि., १५
गच्चीवर सराव. चुकायचा सराव म्हणजे काय छळ आहे. गुडघा सुजला. नलूला सांगितलं, बाजारात फार चाललो.

सोम., १७
स्टुडिओत जेवणानंतर गुडघ्याने जवळजवळ हात टेकले. सहाव्या टेकला विचार करणंच सोडलं, फक्त पडायचं नाही एवढं ठरवलं. डावा पाय आपोआप मागे राहायला लागला. काचेमागे प्राजक्ताने हात वर केला. "झकास, काका. कसं केलंत?" सराव, म्हटलं.
शेवटचा जिन्यावरचा नाच राहिलाय. दिग्दर्शक म्हणाले, तोही असाच जमला तर सगळं तुमचंच ठेवू, नाहीतर सगळंच तयार आवाजाचं. शनिवारी अकरा वाजता. आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. दुखणं माझं, शाबासकी सरावाला.

बुध., १९
प्राजक्ताने नुसता आवाज पाठवला, चित्राशिवाय. संध्याकाळी नलूला ऐकवला. ती मेथी निवडत होती. थेटरात मी कानात सांगायचो, हे पाऊल माझं. ती म्हणायची, गप बसा, माका बघूक देवा. आज मात्र ऐकता ऐकता तिचे हात थांबले.
"ह्यो तुमचो पाय."
सगळेच माझे, म्हटलं.
"सगळे नाय. डावो. जिन्यावरून येतास तेव्हा असोच वाजता." मग मेथी बाजूला सारून, "दुखता ना?"
तेहतीस वर्षांत माझा आवाज पहिल्यांदा कुणी ओळखला. हो म्हटलं.

गुरु., २०
तिने डॉक्टरांना फोन केला. घाटकोपरला, शनिवारी अकराचाच नंबर मिळाला. स्टुडिओचंही अकराचंच आहे, सांगितलं. रागावली नाही. पोळ्या लाटत राहिली. मग विचारलं, "जिनो किती पायऱ्यांचो?"
चौदा.
"चढूचो की उतरूचो?"
उतरायचा. चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं, हे तिला माहीत आहे.

शुक्र., २१
दुपारी पाहिलं तर तिने माझे बूट पुसून कापडी पिशवीत ठेवलेत, पत्र्यांना तेलाचा हात लावून. त्याच पिशवीत एक्स-रेचं पाकीट.
"उद्या साडेनवाक निघूया," म्हणाली. "मी येतंय."
कुठे, ते तिने सांगितलं नाही. घाटकोपरला दहाला निघालं तरी पुरतं, अंधेरीला मात्र साडेनऊलाच निघावं लागतं.