कुठल्या कुशीवर?

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी माझं मुकाट्याने ऐकून घे. लहानपणापासून तूच बोलत आलायस.

सात महिने मी तुझ्या गोळ्या गिळल्या. भावाचं औषधांचं दुकान असताना डॉक्टरकडे कशाला जायचं, ही आपल्या घरची रीतच. मी फोनवर सांगायचे, छताला ब्रश लावायला मान वर केली की शिडीसकट खोली गरगर फिरते. तू हसायचास, "माकडीणबाई, वय झालं आता," आणि गोळी वाढवायचास. त्या गोळीने मी दिवसभर पेंगायचे. शेवटी एका शाळेच्या वर्गात शिडीवरून पडले, ती थेट रंगाच्या बादलीवर. मुकादमाने मला दारं घासायला बसवलं. पंचवीस वर्षं छतं रंगवणारी मी, पॉलिश पेपर घेऊन जमिनीवर! तेव्हा नुसतं रडू आलं होतं. राग आत्ता येतोय.

मंगळवारी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिलंच विचारलं, कुठल्या कुशीवर वळलं की फिरतं? सात महिन्यांत तू हे एकदाही विचारलं नाहीस. मग टेबलावर बसवून त्यांनी माझी मान उजवीकडे वळवली आणि झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. चार-पाच सेकंदांत खोली अशी फिरली की मी त्यांचा कोट धरून ओरडले. बाई मात्र शांतपणे माझ्या डोळ्यांची थरथर बघत होत्या. म्हणाल्या, आतल्या कानात चुन्यासारखे बारीक कण असतात, ते जागा सोडून भलत्याच नळीत उतरलेत. मग मान डावीकडे, मग अख्खी मी डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून. कण परत जागेवर. पाच मिनिटं लागली, दादा. पाच!

घरी येताना नाचायला हवं होतं. पण बाईंचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर आई दोन वर्षं न विचारता देतेय. उजव्या कुशीवर वळलं की भिंती फिरतात, म्हणून ती बिचारी तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते. आणि आपण काय म्हणालो? नाटकं करते. मीही तेच म्हणाले.

तुझ्या गोळ्यांनी ती पेंगते, पेंगते म्हणून पडते आणि पडते म्हणून पहिल्या तारखेपासून तू तिला वृद्धाश्रमात ठेवणार. पत्रासोबत पाठवलेल्या फॉर्मवर माझी सही हवीय तुला. फॉर्म मी फाडला. तिचा त्रास माझ्यासारखाच असेल असं नाही, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. मग तपासू की! शनिवारी सकाळी मी तिला न्यायला येतेय. तिची पिशवी भरून ठेव, गोळ्यांची पाकिटंही त्यात टाक, बाईंना दाखवायचीत. आणि मी पोचायच्या आत तिच्याजवळ बसून सांग, की ती खोटं बोलत नव्हती. माझ्या वाटचं मी आल्यावर सांगेन.

कितीही चिडले तरी तुझीच,
माकडीण