डाळमिलच्या पंख्याचा झोत

४ फेब्रुवारी, मंगळवार

सॅटर्न जिंकलं! विलासमामाच्या डाळमिलमध्ये तुरीचा भुसा उडवायचा पंखा आहे. त्याच्या तोंडापासून दोन मीटरवर मी यंत्राने हवेचा वेग मोजला होता — सेकंदाला चार मीटर. कोड-सॅटर्न सांगतं चार पूर्णांक एक. ओपनफोम सांगतं सहा! झोताचा हिशोब करणारी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकटची, पण गुरुवारी १३ला कॉलेजच्या समितीपुढे एक निवडायचंय. पुढच्या वर्षीपासून आख्खा वर्ग त्याच्यावर शिकणार. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक गुरुबसव सर म्हणाले, “नीट बघ दीपमाला. तू म्हणशील ते ठरलं.” आमच्या चिंताकी गावात माझ्या शब्दावर कुणी शेळीसुद्धा घेणार नाही. इथे विभाग सॉफ्टवेअर घेतोय.

५ फेब्रुवारी

दिवसभर ओपनफोमला शिव्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

मन खात होतं, म्हणून परत मिलमध्ये गेले. मामा वैतागला — “परत कामून मोजायलीस? हवा तीच हाय की.” या वेळी जवळून पाहिलं. पंख्याच्या तोंडावर ओलं बारदान बांधलेलं, अर्धं तोंड झाकून. मिलमध्ये सगळंच बारदानाच्या रंगाचं. मागच्या खेपेला मी ते पंख्याचाच भाग समजले होते. समोर डाळ निवडत बसलेली नागव्वा म्हणाली, “रोजच बांधतो की अक्का. त्या दिशीबी व्हतं.”

सोडायला लावलं, मोजलं. सहा.

९ फेब्रुवारी, रविवार

मग सॅटर्नने चार कसे काढले? सकाळभर शोधलं. सॉफ्टवेअर हवेचे बारीक चौकोन पाडून हिशोब करतं. घाईत मी सॅटर्नला ओपनफोमपेक्षा चौपट मोठे चौकोन दिले होते. मोठ्या चौकोनांत झोत उगाच पसरतो आणि लवकर मरतो. बारीक करून दिले — पाच पूर्णांक नऊ.

म्हणजे माझीच एक चूक माझ्याच दुसऱ्या चुकीला शाबासकी देत होती. परीक्षा सॉफ्टवेअरची, नापास मी. एकटीच हसत बसले. गुरुवारी हे सांगायचं कसं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं सांगून टाकलं, बारदानासकट. समिती हसली. दोन्ही बरोबर; शिकवायला ओपनफोम घ्या, त्यात अडलं तर मदत पटकन मिळते, असं मी म्हटलं. मान्य झालं! सर नुसते मान डोलवत होते, पण खूश होते. मीही.

शेवटी समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, “पण ते बारदान बांधतात कशासाठी?” दोनदा मोजून आले, विचारलं एकदाही नाही.

१४ फेब्रुवारी

नागव्वाला विचारलं. “बांधलं न्हाई तर समदा भुसा आमच्या तोंडावर येतंय. खोकून खोकून जीव जातंय.”

सरांना फोन केला. प्रबंधाचा विषय बदलला — झोत कुठे वळवला तर बायकांच्या तोंडावर भुसा येणार नाही. सहा महिने जास्त लागतील.

लागू देत.