मेंढ्या पाचोडलाच गेल्या

नाही मॅडम, यमक ढिलं पडत असेल तर पडू द्या. ‘पाचोडला’ हा शब्द मी काढणार नाही. चष्मा खाली करून बघू नका माझ्याकडं. तुम्ही काय म्हणणार ते मला तोंडपाठ आहे. ‘बाजाराला’ आणि ‘घराला’ कसं छान जुळत होतं, दोन्हीकडं शेवटी ‘राला’, कान तृप्त, मग बरं चाललेलं कशाला बिघडवलंस? अक्षरं दोन्हीतही आठच भरतात, म्हणजे मापाची सबबही तुला नाही. कबूल. सगळं कबूल. पण आधी ऐकून घ्या. जिवंत होतात तेव्हा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही लाल पेन उघडायच्या. आता तेवढी तरी सवलत मला मिळाली पाहिजे.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की ज्या खोलीत तुम्ही आम्हाला बी.ए.ला कविता शिकवायच्या तिथं आता कॉलेजचं पार्किंग आहे. तुम्ही राहायच्या तो बायपासपलीकडचा लेआऊट तर ओळखूच येणार नाही. तेव्हा तिथं तुमचं बुटकं घर, आमची पत्र्याची खोली आणि मधे नुसते आखलेले प्लॉट होते. आता गच्चीवरून दौलताबादचा किल्ला दिसत नाही, समोर बारा मजली उभं आहे. त्या बारा मजलीचे वॉचमन म्हणजे आमचे आबा. तुम्ही त्यांना ओळखायच्या. मेंढ्या विकून आम्ही गाव सोडलं त्या दुष्काळात आबांनी पहिली नोकरी धरली ती तुमच्या शेजारच्या साइटवर, आणि तुम्ही रोज सकाळी त्यांना म्हणायच्या, “काय हो, पोरगी अभ्यास करते का नुसती भिंतीवर लिहिते?” आबा म्हणायचे, “लिहिती लई, पण मला तर काय बी कळत नाय बघा.”

त्यांना खरंच कळायचं नाही. मी लिहायचेच तसलं. विरामचिन्हं नसलेलं, एका दमात दोन पानं. एकदा तर मी त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये दर मजल्याला एक ओळ चिकटवली होती, म्हणजे कविता वर जाताना वेगळी आणि खाली येताना वेगळी. मला वाटलं, मराठी कवितेत क्रांती झाली. सेक्रेटरीनं दुपारी सगळं खरवडून काढलं. आबांना मी घरी वाचून दाखवायचे तेव्हा ते चौथ्या-पाचव्या ओळीला उठायचे. “थांब, मोटर बघून येतो,” म्हणायचे आणि टाकी भरली का बघायला जायचे. दरवेळी मोटर. माझी एकही कविता त्यांनी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. पुण्याच्या मासिकात छापून आली, लोकांनी फोन केले, तरी मला आतून एकच हवं होतं: हा माणूस मोटर बघायला न उठता बसला पाहिजे.

तुमच्या स्वयंपाकघरातला तो दिवस आठवतो. तुम्ही खाली बसून मेथी निवडताय, मी ओट्याला टेकून उभी आहे, आणि माझी दुष्काळावरची कविता तुम्ही मोठ्यानं वाचताय. अर्ध्यावर तुम्ही थांबता, छातीवर हात ठेवता. “अगं, दम लागला मला. दम लागावा म्हणून असं लिहिलंयस, का तुलाच कुठं थांबायचं ते माहीत नव्हतं?” मी म्हणाले, मुक्तछंद आहे, त्यात माप नसतं. तुम्ही मेथीची काडी माझ्याकडं रोखली. “माप नसतं कोण म्हणालं? अभंगाचं माप आधीच ठरलेलं असतं, तू त्यात बसायचं. मुक्तछंदाचं माप तू ठरवायचं आणि मग आपलं आपण पाळायचं. ते जास्त अवघड. ओळ तोडतेस तिथं वाचणारा श्वास घेतो. त्याला यती म्हण, विसावा म्हण, काही म्हण. पण त्याच्या श्वासाची जबाबदारी तुझी.” मग म्हणालात, “आधी एक अभंग लिहून आण. मग माझ्याशी मुक्तपणावर भांड.” मी रागानं घरी गेले. चार दिवसांनी एक अभंग घेऊन आले, रागानंच.

टँकरची वाट, रिकामा हा माठ, उन्हात ही पाठ, भाजलेली. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. मला वाटलं, घ्या, झालं ना तुमचं. तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, “हा ‘हा’ आणि ही ‘ही’ इथं काय करतायत? जागा अडवायला बसवल्यात का?” आणि हसलात. मग मलाही हसू आलं. पण जाताना तुम्ही म्हणालात, “‘भाजलेली’ मात्र बरोबर जागी आलीय. तीन चरण चढायचं आणि चौथ्याला आखूड होऊन बसायचं, हेच तर त्या अभंगाचं.” त्या एका शब्दावर मी आठवडाभर जगले.

मात्रा शिकवल्या त्या तर तुम्ही रस्त्यावर. आमच्या लेआऊटला टँकर दिवसाआड यायचा आणि सकाळपासून भांड्यांची रांग लागायची. माणूस नसला तरी चालेल, भांडं पाहिजे. भांड्यानं नंबर धरायचा. परीक्षा तोंडावर होती आणि आम्हा दोघी-तिघींना लघु-गुरू डोक्यात शिरत नव्हतं. तुम्ही रांगेकडं बोट केलं. कळशी म्हणजे लघु, एक मात्रा. ड्रम म्हणजे गुरू, दोन. “वाच,” म्हणालात. आम्ही रांग वाचायला लागलो: कळशी, ड्रम, ड्रम. ल, गा, गा. “यगण!” तुम्ही ओरडलात, जसं काही टँकरच दिसला. पुढच्या गल्लीतल्या मावशी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. “मॅडम, माझा ड्रम गुरू हाय व्हय? मग गुरूला मागं का उभा केलाय, घ्या की पुढं त्याला!” सगळी रांग हसली. तेवढ्यात कुणीतरी मधेच बादली घुसवली आणि तुम्ही खऱ्याखुऱ्या चिडलात. “ओ ताई, गण मोडला माझा!” त्या ताईंना वाटलं तुम्ही शिवी दिलीत. केवढं भांडण झालं. आमच्यातली एकही जण त्या पेपरात मात्रांना चुकली नाही.

आणि तो मुशायरा. गुलमंडीच्या मागच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी, तुम्ही मला घेऊन गेलात. “गझल पुस्तकात वाचू नको, आधी बसून ऐक,” म्हणालात. एक म्हातारे शायर उभे राहिले, एक ओळ म्हणाले, इतकी सुंदर, की मी जोरात टाळ्या वाजवल्या. एकटीनं. सगळा हॉल वळून बघायला लागला. शेजारच्या चाचांनी हळूच सांगितलं, “बेटी, अभी आधा हुआ है.” तुम्ही पदराआड हसताय. नंतर चहा पिताना तुम्ही समजावलंत: शेर दोन ओळींचा. पहिल्या ओळीत शायर फक्त दार उघडतो. ऐकणारे ती ओळ उचलून परत म्हणतात, त्याला अजून एकदा म्हणायला लावतात, तो मुद्दाम थांबतो, ताणतो, आणि मग दुसरी ओळ येते आणि काफिया जिथं पडायचा तिथं पडतो. काफिया म्हणजे यमक, आणि त्याच्यामागं दरवेळी जसाच्या तसा येणारा शब्द म्हणजे रदीफ. “तू टाळ्या वाजवून त्यांचा दरवाजा लावून टाकलास,” म्हणालात. आपल्या कविसंमेलनाची सवय. आपण कविता संपली की टाळ्या वाजवतो आणि खुर्च्या सरकवतो. मला त्या दिवशी हेवा वाटला. कवितेच्या मधे लोक बोलतात, आणि त्यानं कविता मोडत नाही, वाढते, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

आता मूळ भांडणाकडं येते. गेल्या आठवड्यात मी आबांवर लिहिलं. किती वर्षं लिहायचं होतं. मुक्तछंदात लिहिलं की माझाच आवाज मोठा व्हायचा आणि आबा मागं राहायचे. यावेळी मी लहान अभंग घेतला, आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. छोटं माप, त्यात ओरडायला जागाच नाही. मेंढ्या गेल्या बाजाराला, काठी राहिली घराला. तीच काठी हाती धरी, राखी लोकांची पायरी. एवढंच जमलं होतं. संध्याकाळी बिल्डिंगच्या खालच्या खोलीत आबा लसूण सोलत बसले होते, आई आत तवा तापवत होती, मोटर चालू होती. मी म्हटलं, आबा, ऐका. आणि पहिला चरण म्हणाले.

मी श्वास घेतला, आणि आबांनी ओळ उचलली! तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडं भजनात एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. झेललं नाही तर म्हणणाऱ्याचा अपमान. लिफ्टमधल्या कवितेला ते कुठून झेलणार होते? तिला हातच धरायला जागा नव्हती. ह्या ओळीला होती. मांडीवर ताल देत ते म्हणाले, “मेंढ्या गेल्या बाजाराला...” आणि मधेच थांबले.

“कोणच्या बाजाराला?”

“बाजार म्हणजे बाजार, आबा. कुठलाही.”

“कुठलाही कसा? पाचोडला नेल्या आपण.”

“हो, पण कवितेत चालतं तसं.”

“तुझ्या कवितेत चालत असंल. मेंढ्या पाचोडलाच गेल्या.”

आतून आई म्हणाली, “पाचोडलाच. भाकरी म्या बांधून दिलती. आन् तुमी रडत आलते.”

“रडत कुठं? धूळ होती लई.”

“व्हय, धूळच होती,” आई म्हणाली, आणि तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला.

आबांनी परत मांडीवर हात मारला. मेंढ्या गेल्या पाचोडला. मी बोटांवर मोजलं, आठ. पुढं मी ‘काठी राहिली घराला’ म्हणाले, त्यांनी झेललं. मी तिसरा म्हणाले, तर ते परत पहिल्यावर आले. पहिल्या ओळीचं त्यांनी आपोआप ध्रुपद करून टाकलं. दर ओळीनंतर मेंढ्या पाचोडला जात होत्या आणि त्या दर वेळी वेगळ्या आवाजात जात होत्या, एकदा जड, एकदा नुसती माहिती दिल्यासारख्या, शेवटी तर जवळजवळ मजेत. आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. मला कळेना मी वाचतेय का ऐकतेय.

आणि वरून कुणीतरी ओरडलं, “वॉचमनकाका! टाकी वाहतीय, टाकी!” गच्चीवरून पाण्याचा लोट पार्किंगमध्ये पडत होता. ह्या शहरात, मॅडम! जिथं आठवड्यातून एकदा नळ येतो तिथं! आबा चप्पल न घालता पळाले. सेक्रेटरीनं अर्धा तास सुनावलं त्यांना. ते खाली मान घालून उभे, आणि मी जिन्याशी उभी राहून वेड्यासारखी हसतेय, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मोटर बघायला उठले नव्हते.

म्हणून सांगते, ‘पाचोडला’ राहणार. हे यमक माझ्या कानालाही खटकतं, खोटं कशाला बोलू? ‘डला’ आणि ‘राला’, सैल आहे गाठ. पण ‘बाजाराला’ म्हटलं की त्या कुणाच्याही मेंढ्या होतात. आबा अशा मेंढ्या झेलणार नाहीत. ज्याच्या श्वासाची जबाबदारी माझ्यावर आहे, त्याचा श्वास तिथं अडतो. हा नियम तुमचाच आहे, मी फक्त तुमच्यावर उलटवतेय.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. तुमच्या जुन्या पत्त्यावर आता जिम आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय एखादी गोष्ट पक्की झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून लिहिलं, बस. आज आबांची सुट्टी आहे. आजूबाजूच्या बिल्डिंगांचे वॉचमन टाळ घेऊन आलेत, कुणी भूमचा, कुणी गेवराईचा, खाली पार्किंगमध्ये सतरंजी पडलीय. आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी अभंग म्हणणार. आणि सकाळी मला म्हणाले, “ह्यात मी हाय, मेंढ्या हायत, तू कुठंय? शेवटाला म्हणणाऱ्याचं नाव येतं.” बरोबर आहे त्यांचं, अभंगात शेवटी नाममुद्रा लागते. मी आजवर माझ्या एकाही कवितेत माझं नाव घातलेलं नाही, ते मला फार जुनाट वाटायचं.

आता एक सांगते आणि जाते. तो शेवटचा चरण मी अजून लिहिलेलाच नाही. आबांना म्हणाले, झालाय. नावाची तीन अक्षरं धरली तर पाच उरतात, आणि मला ती पाच अक्षरं शोधायला इतकी मजा येतेय की कुणाला सांगायची सोय नाही. खालून टाळ सुरू झाले. आबा हाक मारतायत. लिहायला वर जिन्यात येऊन बसलेय, दोन जिने उतरायचेत, तेवढ्यात जुळेल. नाही जुळलं तर त्यांना पहिलीच ओळ परत झेलायला लावीन. नको, काही बोलू नका आत्ता. निघाले मी.