मागची खिडकी काढली आणि घात झाला

भोर,
शुक्रवार, दुपार

चिरंजीव अमीर यास मामूचा सलाम आणि भरभरून दुआ.

हितं सगळे खुशाल (मी सोडून). पुण्यात डबा नीट मिळतो ना? खोकला गेला का? तुझ्या अम्मीला सलाम सांग. फोनच केला असता, पण फोन दुकानाच्या गल्ल्यावर, आणि गल्ल्यावर सध्या माझ्या सासूबाई. का, ते लिहितो.

ईदला आलास तेव्हा आपल्या मंडप-भांड्यांच्या बुकिंगच्या प्रोग्रॅममागची ती स्क्रीनभर पसरलेली राखाडी खिडकी लपव, म्हणून मीच तुझ्या मागं लागलो. तिची फुली दाबली की सगळा प्रोग्रॅमच बंद व्हायचा (टेम्पोवाल्या ज्ञानूचं बोट नेमकं तिथंच जायचं). तू लपवलीस. बुकिंगचा छोटा फॉर्म तेवढा कायम सगळ्याच्या वर राहील, असंही केलंस. लई झकास दिसलं. पण अरे लेका, त्या खिडकीनं मागचं काय काय झाकलं होतं, हे एका शब्दानं तरी सांगायचंस!

काल गुंजवण्याचे आनंदराव मुलीच्या लग्नाचा मंडप ठरवायला आले. शेजारी सासूबाई. (दुकान त्यांचं; मला गल्ल्यावर बसवलं ते त्यांनीच, आणि "आमचा जावई दिवसभर कंप्युटरवर राबतो" असं अख्ख्या भोरात सांगून ठेवलेलं.) मी ऐटीत स्क्रीन त्यांच्याकडं फिरवला. मधे एवढासा फॉर्म, आणि चारी बाजूंनी पत्ते! कंप्युटरवर सकाळपासून मांडलेला माझा अर्धा डाव! या अल्ला! आनंदराव म्हणतात कसे, "बदामची राणी किलवरच्या राजावर जाती की!" मी म्हटलं, हे मशीनचे आतले पार्ट आहेत, खिडकी काढल्यामुळं दिसतायत. सासूबाईंनी पत्त्यांकडं एकदा नीट निरखून पाहिलं. मला उठवलं, स्वतः खुर्चीत बसल्या आणि मला मागं पातेली घासायला धाडलं. इतक्या वर्षांची खुर्ची एका खिडकीपायी गेली रे!

असो. तब्येतीला जप.

तुझा मामू,
मौलाली

ता. क. पहिल्या एसटीनं ये आणि ती खिडकी होती तशी मागं लाव. पत्ते एकदा झाकले, की मशीनच बिघडलं होतं असं सांगून मी खुर्ची परत मिळवतो.

ता. क. दुसरा: पाकीट गुपचूप ज्ञानूच्या हाती पोस्टात धाडतोय. सासूबाईंना कळता कामा नये.

बेटा अमीर, ज्ञानूनं पाकीट आधी मला दाखवलं. मौलालीचं ऐकू नकोस, खिडकी लावायची न्हाई. उलट जमलं तर तो पुढचा फॉर्मपण लपव. त्याच्याखाली इस्पिकचा एक्का अडकलाय, कालपासून माझा डाव सुटत न्हाई. — अजीजुन्निसा (मौलालीची सासू)