तीन लूप स्विचर आणि अभिमनची वायर

१६ मार्च २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठे काम हाती घेतले की नोंद ठेवावी. पंचायत समितीत अठरा वर्षे नोंदीच ठेवतो आहे, त्यामुळे जड जाऊ नये.

बायकोला, समीक्षाला, काम समजावून सांगितले. माझ्या गिटारला नऊ पेडल. प्रत्येक पेडल आवाजाला वेगळा रंग देते. कोणती चालू, कोणती बंद, हे एका दाबात ठरवतो तो लूप स्विचर. एका स्विचरमध्ये चारच पेडल मावतात, म्हणून माझ्याकडे तीन. आता हे तीन एकमेकांना मिडी केबलने जोडायचे. पहिला साहेब, बाकीचे दोन बाबू. साहेबाने चार नंबरचा आदेश काढला की दोन्ही बाबूंनी त्याच क्षणी चार नंबर लावायचा.

तिने विचारले, तुमच्या गाण्याच्या पार्टीत द्रौपदाअक्का गाणी किती म्हणतात? म्हटले, अकरा. त्यांना आवाज किती लागतात? म्हटले, दोन. अडीच धर.

ती कणीक मळायला गेली. ऐकून घेतले हे महत्त्वाचे.

२३ मार्च
तालमीला गेलो नाही. जुन्या कपाटाच्या दारावर सगळे बसवले, झाला बोर्ड. वजन सतरा किलो. दिसते मात्र विमानासारखे.

३० मार्च
तालमीला गेलो नाही. ढोलकीवाला रुपचंद फोनवर म्हणाला, आम्ही वाट पाहतो आहोत. त्याला सांगितले, मी घरी तुमच्यासाठीच राबतोय. संकल्प: पुढच्या रविवारी नक्की.

६ एप्रिल
गेलो. बोर्ड न्यायला रिक्षा मिळाली नाही, नुसती गिटार नेली. अक्कांनी एकच गोष्ट सांगितली. चौथे गाणे त्यांनी स्वतः रचलेला पाळणा आहे. आधी एकटी गिटार, त्यावरून त्या सूर धरणार. “तुनी गिटार वाजनी, का मी सुरू करसू.” वय सहासष्ट, पण आवाज असा की खिडकीतली चिमणी उडत नाही.

निश्चिंत राहा म्हटले. चार नंबरचे बटण खास अक्कांसाठी.

१२ एप्रिल
दुपारी बेचाळीस अंश, वर मध्येच वीज गेली. चाचणी अर्धीच झाली. एक नंबर दाबला, आवाज आला. एक आला म्हणजे बाकीचे येणारच. मोजणी सगळीकडे सारखीच असते.

१३ एप्रिल, दुपारी तीन
एरंडोलला निघतो आहोत. जयंतीच्या आदल्या संध्याकाळचा कार्यक्रम. साउंडवाला अभिमन माझा बोर्ड खांद्यावर घेऊन दोन मजले उतरला. वाटेत म्हणाला, भाऊ, यात काय भरलंय? म्हटले, भविष्य.

१४ एप्रिल
काल काय झाले ते शांतपणे लिहितो.

पहिली तीन गाणी बरी गेली, म्हणजे ढोलकी जोरात होती. चौथ्याला मी चार नंबर दाबला. तार छेडली. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. विहारासमोर चारशे माणसे. अक्का माईकसमोर माझ्याकडे बघत उभ्या. मी गुडघ्यावर बसलो, मग दोन्ही हातांवर. तिन्ही स्विचरवर वेगवेगळे दिवे लागले होते.

उठलो तेव्हा कोरसचा माईक तोंडापाशी आला. त्यात मी म्हणालो, “अभिमन, लाइन गेली तुझी!”

तो धावला. स्टेजखाली रांगत गेला, वायर बदलायला लागला. अक्कांनी वाट पाहिली आणि गिटारशिवायच पाळणा सुरू केला. लोक इतके गप्प झाले की बायकांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. पाळणा संपला, कोणी टाळी वाजवायच्या आत माझा पाय कुठेतरी पडला आणि गिटार म्हशीसारखी हंबरली.

तांत्रिकदृष्ट्या लाइन जाऊन परत येऊ शकते.

नंतर तिथल्या समितीचे ज्येष्ठ, भिका आबा, अभिमनला सर्वांसमोर बोलले. अक्कांच्या गाण्याची माती केलीस, वायरी तपासता येत नाहीत तर कशाला येतोस. अभिमन मान खाली घालून उभा होता. मी केबल गुंडाळत होतो. केबल नीट गुंडाळली नाही तर आतून तुटते.

१७ एप्रिल
रुपचंदचा फोन. बुद्धपौर्णिमेच्या धुळ्याच्या कार्यक्रमाला अभिमन नको म्हणतात. एरंडोलची गोष्ट तिकडे पोहोचली.

उन्हाळ्यात त्यालाही विश्रांती हवीच.

२० एप्रिल
माहितीपुस्तिका उघडली. पान एकतीस. साहेब एकपासून मोजतो. पहिला बाबू शून्यापासून मोजतो. दुसरा बाबू वेगळ्याच चॅनलवर कान लावून बसला होता, त्याला माझा एकही आदेश कधी पोहोचला नव्हता. म्हणजे मी चार म्हटले की एक चार, एक पाच, आणि एक जागचा हलला नाही. पाचव्या खणात मी आवाज बंद ठेवला होता. मीच ठेवला होता.

वायरीचा संबंध नाही.

संकल्प: उद्या सकाळी अभिमनला फोन.

२१ एप्रिल
आधी दुरुस्ती, मग फोन. तिघे आता एका सुरात हलतात. अकराची अकरा बटणे चालली. समीक्षाला बोलावून दाखवले. ती म्हणाली, मग तेव्हा काय झालं होतं? मी म्हणालो, खूप गुंतागुंतीचं आहे. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

फोन राहिला.

२७ एप्रिल
बाजारात अभिमन भेटला. हातात दुधी. मी दुसऱ्या गल्लीत वळणार होतो, त्यानेच हाक मारली. म्हणाला, “भाऊ, तुमची माफी मागायची राहिली. घरी येऊन सगळी वायर तपासली. मशीनवर चांगली दाखवते, पण तुम्ही म्हणालात म्हणजे आत कुठेतरी तुटली असणार. कापून टाकली, पुन्हा कोणाचा खोळंबा नको.”

मी सांगायला तोंड उघडले. बाहेर आले ते असे: “हो, जुनी झाली की होतं असं.”

घरी येऊन जेवलो नाही. समीक्षाला पोट बिघडले सांगितले. मग खरे सांगितले. तिने ताट झाकून ठेवले.

४ मे
तालमीत सगळ्यांसमोर कबूल करायचे ठरवून गेलो. शून्यापासून सुरुवात केली. चॅनल, आदेश, पहिला बाबू, दुसरा बाबू. वीस मिनिटे बोललो. रुपचंदला वाटले ऑफिसातली भानगड सांगतोय. तो म्हणाला, वरच्या साहेबाकडे तक्रार कर.

अक्कांनी विचारले, “मंग वायर खराब नव्हती का रे भाऊ?”

नव्हती, म्हणालो. चूक माझी होती. मी अभिमनचं नाव घेतलं.

ढोलकीवरचा हात थांबला. अक्का म्हणाल्या, “आम्हले काब्रं सांगस? त्याले सांग.”

धुळेकरांना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, दुसरा साउंड ठरला, आता बदलता येत नाही.

१० मे
आठवडाभर ऑफिसात फार काम. (नव्हते.)

११ मे
अभिमनच्या घरी गेलो. यावेळी आधी शेवटचे वाक्य म्हणालो, मग बाकीचे. त्याने ऐकले. त्याची बायको पाणी घेऊन आली होती, ती ग्लास हातात घेऊन तशीच आत गेली.

मग तो म्हणाला, “तुम्ही घरात येऊन सांगितलं. मी मात्र चारशे माणसांत ऐकून घेतलं. उद्या एरंडोलला खीरदान आहे, तीच माणसं असतील. येता?”

उद्या धुळे आहे, अकरा बटणे तयार आहेत, हे मी म्हणालो नाही. येतो म्हणालो.

रुपचंदला कळवले, उद्या जमणार नाही. वाटले, तुझ्याशिवाय कसं होणार, असे म्हणेल. तो म्हणाला, “बरं.”

१२ मे, सोमवार, बुद्धपौर्णिमा
वंदना झाल्यावर अभिमनने मला भिका आबांसमोर उभे केले. माईक मिळाला. म्हणालो, १३ एप्रिलला वायर चांगली होती, अभिमनचा काही दोष नव्हता, माझी गिटार माझ्यामुळे बंद पडली, आणि मी खोटे बोललो.

भिका आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. शेजारच्याला विचारले, “त्या दिवशी गिटार होती का?”

शेजारच्याला आठवेना. अक्कांचा पाळणा आठवत होता. शेवटी कोणाचीतरी म्हैस ओरडली होती, तेही आठवत होते.

मग आबा उठले, अभिमनचे दोन्ही हात धरून म्हणाले, “पोरा, चुकलं आमचं.” दोघांचे डोळे भरले. आजूबाजूची माणसे तिकडे सरकली. माझ्या हातातला माईक कोणीतरी काढून घेतला, खिरीची घोषणा करायची होती.

मी रांगेत उभा राहिलो. खीर चांगली होती. दोनदा घेतली. दुसऱ्यांदा घ्यायला नको होती.