सहा मिनिटांची चाल आणि रिकामे कप

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घातलाय. वाकलं की धाप लागते, हे तुला मी काय सांगायचं!) खोकला कसा आहे? दोघांच्या छातीत एकच दुखणं, पण तू वर्षभर दुसऱ्या मजल्यावरून खाली पाय ठेवला नाहीस, असं वहिनी फोनवर सांगत होती. असो. पत्राचं कारण आनंदाचं आहे. तुझ्या भावाने काल मैदान मारलं!

मैदान म्हणजे दवाखान्याचा व्हरांडा. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, आणि सहा मिनिटांत जमेल तितकं चालायचं. पळायचं नाही, बोलायचं नाही, दमलं तर थांबायची मुभा. तपासणीच्या बाई घड्याळ धरून उभ्या. आता मी जन्मभर हॉटेलात वेटर, गर्दीतून वाट काढणं माझ्या डाव्या हाताचा मळ. पहिलाच फेरा असा मारला की बाकावरच्या मंडळींनी भराभर पाय आत घेतले. पण मेली सवय! बाकावर चहाचा रिकामा कप दिसला, उचलला. (रिकाम्या हाताने परत फिरायचं नाही, हे मालकाने पहिल्याच दिवशी शिकवलेलं.) पुढच्या फेऱ्यात आणखी दोन. एका गृहस्थाने डोकं खाजवायला हात वर केला, तर मी 'आलोच साहेब' म्हणत वळलोसुद्धा! चिमटा निसटला, बाईंचे डोळे कपाळात गेले, आणि आमची ही तोंडाला रुमाल लावून हसत बसली.

तरी बाई दर मिनिटाला काय म्हणत होत्या माहितीये? "तुमचं छान चाललंय!" अरे, एवढा संसार झाला, हे वाक्य घरात कधी ऐकलं नाही. शेवटी मोजलं तर मागच्या खेपेपेक्षा चाळीस मीटर जास्त! डॉक्टर म्हणाले, रोजच्या व्यायामाचा गुण. लहानपणी प्रत्येक शर्यतीत तू मला धूळ चारलीस. आता बस बघत.

तुझा,
धाकटा

ता. क. बाई ते सगळ्यांनाच म्हणतात. माझ्यानंतरचे आजोबा भिंत धरून उभेच होते, त्यांनाही तेच, त्याच सुरात. वाक्यं ठरलेली असतात म्हणे. (हिला कोण आनंद झाला!)

आणखी एक. मध्ये मीही भिंत धरली होती. डोळ्यांपुढे काजवे चमकले, वाटलं संपलं. थांबलो, श्वास आला, निघालो. थांबलं म्हणून कुणी हाकलत नाही, दादा.

आणि शेवटचं. येत्या मंगळवारी दुपारची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. ऑक्सिजनची टाकी घेऊन चालायलाही परवानगी आहे, विचारलंय. जिन्याच्या प्रत्येक वळणावर वहिनी स्टूल ठेवणार आहे. सकाळी उतरायला लागलास तरी वेळेत पोचशील. तुला वर एकटं बसवून जिंकण्यात मला काडीची मजा नाही रे. आणि नाहीच उतरलास, तर मी येतो वर, तुला न्यायला. दोन मजले आहेत, आणि माझी छाती तुला ठाऊक आहे. बघ बाबा, काय करायचं ते.