पाद्रीची दाढ

तीर्थस्वरूप मर्लताईस,

धाकट्या क्लाइडचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे, पण अष्टांगांपैकी जेवढी चालू आहेत तेवढी सगळी वापरली आहेत.) तुझी कंबर कशी आहे? इकडे पावसाचा पत्ता नाही, माश्या भरपूर, आणि मेंढ्या नेहमीसारख्याच मठ्ठ.

पत्रास कारण म्हणजे तुझे आभार. ताई, तुझ्यामुळे माझा पाद्री वाचला. त्याने खाणं सोडलं तेव्हा मी पार खचलो होतो. माझी बायको एनिड गेल्यापासून या घरात माझं बोलणं ऐकून घेणारा तो कुत्रा एकटाच उरला आहे. तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "अरे ठोंब्या, त्याच्या तोंडाचा वास मला इथवर येतोय! आधी दात दाखव त्याचे!" मला हसू आलं होतं. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याला कसला आलाय दातांचा डॉक्टर? पण तुझ्या धाकाने गेलो.

गावात जनावरांची नवी डॉक्टरीण आली आहे, डॉ. फाम. तिने पाद्रीचा ओठ वर केला आणि स्वतःच एक पाऊल मागे सरली. मागची दाढ उभी चिरलेली, खाली पू. (मी लाडाने घातलेली शिजवलेली हाडं! आता बंद.) म्हणाली, "हे फार जुनं दुखणं आहे, क्लाइडकाका. कुत्री सांगत नाहीत, नुसती चावायचं टाळतात."

आता गंमत बघ. आमच्या मेंढ्या वळायच्या स्पर्धेत मेंढीला दात लावला की कुत्रा बाद. हा कधी दात लावायचाच नाही! म्हणून तर लोकांनी त्याचं नाव पाद्री पाडलं, आणि मी गावच्या हॉलमध्ये उभा राहून 'कुत्र्यावर संस्कार कसे करावेत' यावर भाषण ठोकलं. (टाळ्या पडल्या होत्या.) संस्कार कसले डोंबलाचे, दाढ दुखत होती बिचाऱ्याची!

भूल देऊन दाढ काढली. मी बाहेर गाडीत बसून रडलो, कुणाला सांगू नकोस. दोन दिवसांनी त्याने वाडगं चाटूनपुसून साफ केलं आणि माझ्याकडे बघून भुंकला. ताई, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आता रोज त्याचे दात घासतो, कोंबडीच्या चवीची पेस्ट मिळते त्याने. (चव वाईट नाही.)

शनिवारी स्पर्धा झाली. तिन्ही मेंढ्या कुंपणाच्या दारापर्यंत आणल्या, एक आगाऊ मेंढी वळून उभी राहिली, आणि आमच्या पाद्रीने तिच्या मांडीला असा काही चावा घेतला की सगळं मैदान उठून उभं राहिलं. स्पर्धेचा अध्यक्ष मर्व्ह ओरडला, "क्लाइड, तुझ्या पाद्रीने धर्म सोडला की रे!" मी उलट ओरडलो, "धर्म नाही रे, पथ्य सोडलं!" बाद झालो, पण घरी येईपर्यंत मी गाडीत गात होतो. ताई, हे सगळं तुझं देणं आहे.

तुझा,
क्लाइड

ता. क. : कप मर्व्हच्या कुत्रीला मिळाला. फारच सभ्यपणे वागली. मी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, तिचे दात दाखवून घे.

आणखी ता. क. : ईस्टरपासून माझीही डावीकडची दाढ ठणकते आहे. नुसतं सूप पिऊन आहे. दंतवैद्याने गुरुवारी बोलावलं आहे. मला भीती वाटते, ताई. पाद्रीला आत घेत नाहीत, मी विचारून बघितलं. तू येशील का?